उद्योगाची इच्छा सांगून रुजते की करून?

(अभ्यासलेख : ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आपण बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी नेहमी वाचता. या अंकात आम्ही विषय थोडा निराळा घेतला आहे. गट मीटिंगला किंवा बांधावर भेट झाली, उसाचे बोलणे संपले, की अलीकडे बरेच सभासद एकच गोष्ट काढतात. मुलगा किंवा मुलगी ठाण्याला, कल्याणला नाहीतर डोंबिवलीला मामाकडे-चुलत्याकडे राहून कॉलेज शिकते आहे आणि सुट्टीत घरी आली की म्हणते कशी, "नोकरी नको, मला स्वतःचा धंदा करायचा आहे." आईबापांना प्रश्न पडतो, हे खूळ समजायचे की खरी इच्छा? कॉलेजात कोणी पाहुणा जोरदार भाषण करून गेला म्हणून चार दिवसांचा ताप चढला आहे, की मुलाच्या अंगात खरोखर काही आहे? आणि पैसे मागितले तर द्यायचे की नाही?

प्रश्न साधा नाही. मागितलेले पैसे बहुतेक घरांत ऊस बिलातूनच जाणार असतात. बिल कमी पडले तर सोसायटीचे कर्ज वाढणार, नाहीतर जमिनीवर बोजा चढणार. उलट बाजूने, उगाच "नाही" म्हटले तर एक चांगला उद्योजक घरातल्या घरात खुडला जाण्याचीही भीती आहे. तेव्हा तरुणांच्या मनात उद्योगाची इच्छा कशी तयार होते, ती बोलण्याने किती वाढते आणि प्रशिक्षणाने किती, याचा जगभर जो अभ्यास झाला आहे तो आपल्या भाषेत मांडावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

ठाणे-कल्याण पट्ट्याची पार्श्वभूमी

आपली मुले ज्या भागात शिकतात तो भाग उद्योगाचाच आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि त्याची पहिली वसाहत ठाण्याची वागळे इस्टेट. पाठोपाठ १९६४ साली डोंबिवलीची वसाहत आली. तेथे रसायने, रंग, कापड प्रक्रिया यांचे कारखाने उभे राहिले. कल्याणजवळ मोहने येथे नॅशनल रेयॉन, शहाडला सेंच्युरी रेयॉन असे मोठे कारखाने होते. आपल्या भागातली कितीतरी माणसे एकेकाळी याच कारखान्यांत नोकरीला लागली, तिकडेच चाळीत खोली घेऊन राहिली. आज आपली मुले ज्या नातेवाइकांकडे उतरतात, ते बहुधा त्याच पिढीचे.

पण ती नोकरी आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. मोहन्याच्या नॅशनल रेयॉनला २००९ साली टाळे लागले आणि हजारो कामगारांची देणी वर्षानुवर्षे रखडली. वागळे इस्टेटीत जुन्या शेडच्या जागी कचेऱ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. कायमच्या नोकरीच्या जागी कंत्राटी काम आले. मुले हे सारे डोळ्यांनी पाहतात. "उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी" ही म्हण आपल्या आजोबांची. मधल्या दोन पिढ्यांनी ती उलटी केली. आताची मुले ती पुन्हा सुलटी करू पाहत असतील, तर त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

शिक्षणाची सोयही तेथे जुनी आहे. ठाण्याचे जोशी-बेडेकर महाविद्यालय १९६९ चे, कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ चे. मुंबई विद्यापीठाची उपकेंद्रे आता ठाण्याला आणि कल्याणलाही आहेत. बी.कॉम., बी.एम.एस. अशा अभ्यासक्रमांत उद्योजकता हा विषय शिकवला जातो. म्हणजे मन वळवणारी भाषणेही तेथे होतात आणि प्रशिक्षणही मिळते. दोन्हींत फरक काय, तो आता पाहू.

इच्छेची तीन मुळे

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ आयझेन यांनी १९९१ साली मांडलेला विचार या विषयात सर्वत्र आधाराला घेतला जातो. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे माणसाचा एखादे काम करण्याचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो.

पहिली, ते काम त्याला स्वतःला बरे वाटते का. दुसरी, त्याची जवळची माणसे त्याला काय म्हणतील. तिसरी, आपल्याला ते जमेल असे त्याला वाटते का.

ठिबकचे उदाहरण घ्या. एखादा सभासद ठिबक बसवतो तेव्हा पाणी आणि खत वाचेल हे त्याला पटलेले असते. शेजारचे दोघे-चौघे बसवून बसलेले असतात, त्यामुळे भावकी हसणार नसते. आणि फिल्टर धुणे, लॅटरल साफ करणे आपल्याला येईल असा भरवसा असतो. या तिन्हींपैकी एक जरी मूळ कच्चे असले तरी सबसिडी असूनही गडी पुढे येत नाही. मुलांचेही तसेच. "धंदा चांगला" एवढे वाटून भागत नाही. घरचे काय म्हणतील आणि मला जमेल का, ही दोन मुळेही ओलाव्यात असावी लागतात.

येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. इरादा म्हणजे कृती नव्हे. बेणे सरीत पडले म्हणजे ऊस गाळपाला आला असे होत नाही. परंतु बेणेच पडले नाही तर पुढचे काहीच होत नाही, म्हणून इराद्याचा अभ्यास करायचा.

बोलण्याची ताकद किती?

तिसऱ्या मुळाविषयी, म्हणजे "मला जमेल" या भरवशाविषयी, अल्बर्ट बांदुरा या शास्त्रज्ञाने १९७७ साली फार उपयोगी विवेचन केले. असा भरवसा चार वाटांनी येतो असे त्यांनी दाखवले. एक, स्वतः करून पाहिले आणि साधले. दोन, आपल्यासारख्याच दुसऱ्याने केलेले डोळ्यांनी पाहिले. तीन, कोणीतरी "तुला जमेल" म्हणून धीर दिला. चार, त्या वेळची शरीराची आणि मनाची अवस्था, म्हणजे छाती धडधडते की मन शांत आहे.

यांत सर्वांत बळकट वाट पहिली. धीर देण्याची वाट खरी असली तरी कमकुवत. नुसत्या शब्दांनी चढवलेला भरवसा पहिल्या फटक्याला उतरतो.

आम्हा विस्तार कार्यकर्त्यांना हे कोणी सांगायला नको. पाचट जाळू नका, हेक्टरी आठ-दहा टन सेंद्रिय माल आपण काडी लावून उधळतो, हे सभेत सांगितले की सगळे माना डोलावतात. ऊस तुटला की चौथ्या दिवशी शिवारात धूर दिसतो. पण त्याच गावात एखाद्याने पाचट सरीत ठेवून खोडवा घेतला आणि उन्हाळ्यात त्याच्या रानाची ओल शेजाऱ्याने हाताने उकरून पाहिली, की पुढच्या वर्षी सभा न घेताही दहा जण पाचट ठेवतात. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या ज्ञानयाग प्रशिक्षणाला जाऊन आलेल्या सभासदांना विचारा. व्याख्यान विसरले असतील, प्रक्षेत्रावर पाहिलेला प्लॉट विसरलेले नसतील.

म्हणून कॉलेजातल्या भाषणाला किंमत नाही असे समजू नये. भाषणाने पहिले मूळ हलते. ज्या मुलाने धंद्याचा विचारच केला नव्हता तो करू लागतो. परंतु भाषणावर थांबला, तर तो विचार वाळून जातो.

बोलण्याचा खरा परिणाम होतो तो घरच्या माणसांच्या बोलण्याचा. याविषयी अमेरिकेत १९५९ साली रोझेन आणि डी'अँड्राडे या दोन संशोधकांनी केलेला प्रयोग प्रत्येक बापाने समजून घ्यावा असा आहे. नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांचे डोळे बांधले आणि वेड्यावाकड्या ठोकळ्यांची एका हाताने चळत रचायला सांगितले. आईबाप शेजारी बसलेले. त्यांनी बोलायचे, हात लावायचा नाही. ज्या मुलांच्या ठिकाणी काही करून दाखवण्याची ओढ जास्त होती, त्यांचे आईबाप अपेक्षा उंच ठेवत आणि शाबासकीही मोकळेपणी देत. पण वडील "हा उचल, तिकडे ठेव, असा नको" अशा सूचना कमी करत. ज्या वडिलांनी क्षणाक्षणाला हुकूम सोडले, त्यांच्या मुलांत ती ओढ कमी आढळली.

म्हणजे अपेक्षा मोठी ठेवा, प्रेमाने ठेवा, पण ठोकळा मुलालाच रचू द्या. आपल्याकडे बहुधा उलटे होते. अपेक्षा "कुठेतरी चिकटला म्हणजे झाले" एवढी लहान, आणि सूचना मात्र दिवसभर.

प्रशिक्षणाची कसोटी : काकीनाडा

प्रशिक्षणाने माणूस उद्योगी होतो का, याचा एक नावाजलेला प्रयोग आपल्याच देशात झाला. आंध्रातील काकीनाडा हे गोदावरीच्या मुलखातले बंदराचे गाव. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड मॅक्लेलँड यांनी १९६४ साली तेथील सुमारे पन्नास लहान व्यापारी-कारखानदार निवडले आणि हैदराबादच्या लघुउद्योग विस्तार प्रशिक्षण संस्थेत त्यांना सुमारे दहा दिवस ठेवले.

तेथे ना कर्ज दिले, ना यंत्रे. मग शिकवले काय? एक खेळ असा होता की जमिनीत खुंटी रोवायची आणि दोरीच्या कड्या लांबून तिच्यावर टाकायच्या. किती अंतरावर उभे राहायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. कोणी खुंटीच्या डोक्यावर उभा राहून कडी ठेवून देतो. कोणी बढाईखोर वीस पावलांवरून फेकतो, लागली तर लागली. जो उद्योगाला लायक असतो तो मधले अंतर घेतो. चुकण्याची शक्यता आहे, पण कौशल्याने साधेलही, असे अंतर. कडी चुकली तर तो अर्धे पाऊल पुढे येतो, लागली तर अर्धे पाऊल मागे सरतो. प्रत्येकाने आपला खेळ पाहून आपला स्वभाव ओळखायचा आणि पुढच्या दोन वर्षांत मी काय करणार, हे कागदावर लिहायचे.

दोन वर्षांनी तपासणी झाली. प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक धंद्यात ठळकपणे पुढे सरसावले होते. नवे काम काढले, यंत्र घेतले, माणसे वाढवली. प्रशिक्षण न घेतलेल्या तशाच व्यापाऱ्यांत हे प्रमाण सुमारे पाव होते. आणखी एक महत्त्वाचे निष्पन्न झाले. ज्यांच्या हाती धंद्याचा निर्णय होता त्यांच्यावर प्रशिक्षणाचा परिणाम जास्त दिसला. जो घरी परतून दुसऱ्याच्या हुकमाखाली बसला, त्याचे शिक्षण तेथेच मुरले.

मुलाला शिबिराला धाडायचे आणि घरी आल्यावर एक रुपयाचाही निर्णय त्याच्या हाती ठेवायचा नाही, असे केले तर शिबिराची फी वाया गेली असे समजावे.

अशाच विचारातून पुढे गुजरातेत १९७० च्या सुमारास उद्योजकता प्रशिक्षण वर्ग सुरू झाले, १९८३ साली अहमदाबादला राष्ट्रीय पातळीची संस्था झाली, आणि महाराष्ट्रात १९८८ साली महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, स्थापन झाले. या केंद्राचे वर्ग जिल्ह्याजिल्ह्यांत होतात. बाजाराची पाहणी, प्रकल्प अहवाल, बँकेची कागदपत्रे हे तेथे शिकवतातच, पण वर सांगितल्यासारखे खेळही घेतात. ते पाहून "हे काय पोरखेळ लावलेत" असे म्हणू नये. त्यामागे काकीनाड्यापासूनचा अनुभव आहे.

अलीकडचा एक दाखला. आफ्रिकेतील टोगो देशाच्या लोमे शहरात १,५०० लहान व्यावसायिकांवर प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. काहींना हिशेब, विक्री, पैशाचे व्यवहार असे नेहमीचे शिक्षण दिले. काहींना स्वतः पुढाकार घ्यायचा कसा, अडचण येण्याआधी तयारी कशी करायची, दुसऱ्यापेक्षा वेगळे काय करायचे, याचा सराव दिला. दुसऱ्या गटाचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला. पहिल्या गटाची वाढ ११ टक्क्यांच्या आसपास, आणि तीही खात्रीने सांगण्याजोगी नव्हती. हिशेब आलाच पाहिजे, पण नुसत्या हिशेबाने धंदा वाढत नाही.

कॉलेजातला प्लॉट : अन्नपूर्णा योजना

मुंबई विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागामार्फत संलग्न महाविद्यालयांत "अन्नपूर्णा योजना" नावाचा उपक्रम चालतो. त्यात विद्यार्थी खाद्यपदार्थ स्वतः तयार करून विकतात, माल आणतात, किंमत ठरवतात आणि हिशेब लिहितात. ठाणे, कल्याण-डोंबिवलीची कॉलेजे याच विद्यापीठाला जोडलेली. आपल्या मुलाने किंवा मुलीने अशा उपक्रमात भाग घेतला असेल तर "शिकायला धाडले आणि वडे तळत बसली" असे म्हणू नका. तो तिचा प्रात्यक्षिक प्लॉट आहे.

त्यातून काय शिकता येते ते उदाहरणाने पाहू. समजा, चार मुलांनी मिळून थालीपीठ-लोण्याचा स्टॉल लावला. १०० प्लेटचा माल भरला. भाजणी, लोणी, तेल, गॅस, कागदी प्लेटा मिळून २,२०० रुपये खर्च आला. प्लेट ४० रुपयांना ठेवली. ८० प्लेटा गेल्या, ३,२०० रुपये जमले. मुले नाचत घरी येतात, "हजार रुपये नफा!"

आता कागद पुढ्यात घ्या. चौघांनी प्रत्येकी सहा तास काम केले, म्हणजे २४ तास. हजाराला २४ ने भागले तर ताशी ४१-४२ रुपये पडले. तो नफा नव्हे, मजुरी, आणि तीही बेताची. शिवाय २० प्लेटांचा माल वाया गेला. तो कमी भरला असता तर? किंवा शेवटच्या तासाला दर उतरवून खपवला असता तर? उद्या गाळ्याचे भाडे द्यावे लागले तर काय उरेल?

घरच्या माणसांची मजुरी न धरता उसाचा नफा काढण्याची सवय आपल्याही अंगी आहे. मुलाने हा धडा २,२०० रुपयांत शिकला तर तो स्वस्त पडला. पुढे २२ लाख अडकवून शिकण्यापेक्षा केव्हाही बरा.

इच्छा कमी झाली तर?

प्रशिक्षणाने इच्छा नेहमी वाढतेच असे नाही. हॉलंडमध्ये एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी वर्षभर छोटी कंपनी चालवण्याचा कार्यक्रम होता. २०१० साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि विद्यार्थ्यांचा उद्योगाकडचा कल कार्यक्रमानंतर कमी झाल्याचे दिसले. जर्मनीत म्युनिकच्या विद्यापीठातल्या सक्तीच्या वर्गाविषयीही त्याच वर्षी असेच आढळले. मात्र तेथील संशोधकांनी एक गोष्ट दाखवून दिली. वर्गामुळे कोणाचा पिंड धंद्याचा आहे आणि कोणाचा नाही, याचा उलगडा विद्यार्थ्यांना जास्त स्पष्टपणे झाला.

आम्ही याला अपयश मानत नाही. लागणीआधी बेणे निवडताना मर लागलेली, कीड लागलेली कांडी आपण बाजूला काढतो. सगळी पुरली असती तर नांगे पडले असते. ज्या मुलाला सहा महिने करून पाहिल्यावर कळले की रोज गिऱ्हाइकाशी बोलणे आपल्याला सोसत नाही, आपण प्रयोगशाळेत किंवा कचेरीत बरे, त्याने घराचे पैसे आणि स्वतःची पाच वर्षे वाचवली. त्याला "हरला" म्हणू नका. उरला तो मुलगा, ज्याची इच्छा करून पाहिल्यावरही टिकली. त्याच्या पाठीशी उभे राहावे.

डोळ्यांसमोरची उदाहरणे

"आपल्यासारख्याने केलेले पाहणे" ही बांदुरांची दुसरी वाट. ती मुलांना त्या भागात फुकट उपलब्ध आहे.

डोंबिवलीच्या पेंढरकर महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, त्या केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली विको सुरू केली. परळच्या राहत्या घरात, स्वयंपाकघरात दंतमंजन तयार होई आणि घरची माणसे दारोदार जाऊन ते विकत. पुढे डोंबिवलीला कारखाना झाला. त्या कॉलेजात शिकणाऱ्या किती मुलांना आपल्या कॉलेजच्या पाटीमागची ही हकिकत ठाऊक असेल?

ठाण्यात प्रभुदेसाई कुटुंबाने १९८९ साली पितांबरी काढली. तांब्या-पितळेची भांडी घासण्याची पावडर, वस्तू साधी, पण घराघरांतली अडचण ओळखून केलेली. हीच कंपनी पुढे रुचियाना नावाने गूळही विकू लागली. ऊस पिकवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. गूळ आपल्या घरचा, पण पुडीत घालून, नाव देऊन शहरात विकणारा दुसरा.

मोठा कारखानाच काढला पाहिजे असेही नाही. ठाण्याची मामलेदार मिसळ १९४६ पासून चालू आहे. कल्याणच्या वझे कुटुंबाने घराच्या खिडकीतून वडे विकले आणि "खिडकी वडा" हेच त्यांचे नाव पडले. शेजारचे उल्हासनगर पाहा. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडले, तेव्हा बरोबर फारसे काही नव्हते. पुढे कापड, फर्निचर, तयार कपडे यांची बाजारपेठ त्यांनीच उभी केली. अशा घरांत मूल शाळेतून आले की गल्ल्यापाशी बसते. तेथे उद्योगाचे भाषण कोणी देत नाही, शिक्षण मात्र रोज चालते.

आणि आपला स्वतःचा दाखला विसरू नये. सहकारी साखर कारखाना हा उद्योगच आहे. प्रवरेचा कारखाना १९५० साली उभा राहिला तो विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे मन वळवले म्हणून. पण त्यांच्या जोडीला धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ अध्यक्ष म्हणून बसला होता. मन वळवणारा आणि हिशेब शिकवणारा, दोघेही लागले. एकट्या बोलण्यावर चिमणी उभी राहिली नसती आणि एकट्या कागदावर भाग जमले नसते.

पालकांनी काय करावे

१. मुलाने धंद्याचे नाव काढताच "हो" किंवा "नाही" म्हणू नका. "काय विकणार, कोण घेणार, किती वेळा घेणार?" हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर शोधायला एक महिना द्या. दहा गिऱ्हाइकांशी प्रत्यक्ष बोलून यायला सांगा.

२. पहिली रक्कम लहान ठेवा. बुडाली तरी घरची चूल अडणार नाही एवढीच. पण ती पूर्ण त्याच्या हाती द्या आणि वही मागा. वही न दाखवता दुसरा हप्ता देऊ नका.

३. शिकत असतानाच करून पाहू द्या. सणासुदीला गूळ, काकवी, हातसडीचा तांदूळ, आपल्या भागातला जो माल असेल तो डोंबिवली-ठाण्याच्या सोसायट्यांत विकून पाहणे, ही उत्तम परीक्षा. माल घरचा म्हणून फुकट धरू नका, बाजारभावाने त्याच्या नावे लिहा.

४. प्रशिक्षण आधी, कर्ज नंतर. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे. त्याच्या नियमांत वयाची अट, ५ ते १० टक्के स्वतःचा वाटा आणि प्रवर्ग व ठिकाण पाहून १५ ते ३५ टक्के अनुदान ठेवलेले आहे. केंद्राचा असाच कार्यक्रम २००८ पासून आहे, आणि बहुतेक प्रकरणांत प्रशिक्षण झाल्याशिवाय अनुदान सुटत नाही. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळते. अटी बदलत असतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन ताजे परिपत्रक पाहावे. मध्यस्थाला पैसे देऊ नयेत.

५. अनुदान मिळते म्हणून धंदा काढू नये. धंदा चालतो आहे, म्हणून अनुदानाचा उपयोग करून घ्यावा. हा क्रम चुकला की यंत्र शेडमध्ये गंजते आणि हप्ते बापाच्या ऊस बिलातून जातात.

६. जमीन पहिल्याच उडीला तारण ठेवू नका. खुंटी आणि कडीचा खेळ आठवा. मधले अंतर घ्या.

७. सुरक्षेचा खर्च भांडवलात धरा. डोंबिवलीच्या वसाहतीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले, माणसे दगावली, आसपासच्या वस्तीची हानी झाली. उद्योजक म्हणजे नफ्याचा धनी तसा जोखमीचाही धनी. परवाना, विमा, आगीची व्यवस्था यांत काटकसर नको.

८. मुलीने इच्छा सांगितली तर तिला हेच नियम लावा. तिच्या बाबतीत दुसरे मूळ, म्हणजे "लोक काय म्हणतील", सर्वांत जास्त आड येते, आणि ते घरच्यांनीच सोडवायचे आहे. आपल्या बचत गटांच्या भगिनी वर्षानुवर्षे पैशाचा चोख व्यवहार करून दाखवत आहेत.

घरात चर्चेसाठी प्रश्न

मुले सुट्टीला आली म्हणजे पुढील प्रश्न घरात एकत्र बसून सोडवावेत, अशी आमची विनंती आहे.

(अ) तुझ्या इच्छेच्या तीन मुळांपैकी सर्वांत कच्चे कोणते? ते पक्के करण्यासाठी भाषण हवे, प्रशिक्षण हवे की घरचा आधार?

(आ) वर दिलेल्या थालीपीठाच्या हिशेबात १०० ऐवजी ८५ प्लेटांचा माल भरला असता, तर ताशी किती पडले असते? खर्च प्लेटेच्या प्रमाणात कमी होतो असे धरा.

(इ) या वर्षी घरातला कोणता एक निर्णय, कितीही लहान असो, पूर्णपणे मुलाच्या किंवा मुलीच्या हाती देता येईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आईबापांनी द्यायचे आहे. ते कागदावर लिहून ठेवावे आणि पुढच्या दिवाळीला काढून पाहावे.